काकूंच्या वेलीचा रंग

"हा? की हा?"

शेडकाकांनी शेड कार्डाची आणखी एक घडी उलगडून ते गल्लीपलीकडच्या वहिनींच्या नाकासमोर धरलं. वहिनी पायरीवर कपडे घासत होत्या. कोपरापर्यंत साबण, कपाळावर केसांची बट, आणि समोर दोनशे सोळा रंगांचा पंखा.

"अहो काका, हात तरी पुसू द्या."

"हात नकोत, डोळे हवेत. नुसतं बोट दाखवा. आमच्या हिच्या वेलीची फुलं. कुठला रंग?"

वहिनींनी ओलं बोट कार्डावरून फिरवलं. "जांभळी होती. हा बघा, हा. नाही, याच्याहून जरा गडद, वांग्याकडे झुकलेला. भर उन्हाळ्यात अख्खी भिंत जांभळी व्हायची. पण काका, हे तुम्ही मला विचारताय?"

 शेडकाकांनी खिशातल्या पेन्सिलीने त्या चौकोनाशेजारी फुली मारली, कार्ड मिटलं आणि मागच्या फाटकातून घरात शिरले.

वहिनींचं म्हणणं बरोबरच होतं. अख्ख्या वस्तीत रंग विचारायचा तो याच माणसाला. गेली बेचाळीस वर्षं ते रंगाच्या दुकानात रंग मिसळत होते. भिंतीचा पोपडा आणा, जुन्या कपाटाची ढलपी आणा, आजीच्या पातळाचा काठ आणा. शेडकाका तो तुकडा उजेडाकडे धरत, डोळे बारीक करत आणि चमच्या-चमच्याने डब्यात रंग ओतून हुबेहूब तोच रंग करून देत. दुकानात मशीन आलं, तरी मालक अवघड गिऱ्हाईक त्यांच्याकडेच पाठवत. मिसळलेला रंग ते डब्याच्या झाकणावर फासून वाळेपर्यंत थांबत. ओला रंग आणि नवा जावई दोघांवर लगेच विश्वास ठेवू नये, असं ते गिऱ्हाइकाला सांगत. कंपनीने कार्डावर छापलेली नावं त्यांना पसंत नव्हती. त्यांनी आपली नावं ठेवली होती: 'दुसऱ्यांदा उकळलेला चहा', 'पुसलेला फळा', 'रुसलेलं आभाळ'. लोक येऊन खरोखरच म्हणत, "काका, बैठकीला चार लिटर रुसलेलं आभाळ द्या."

आणि अशा या माणसाला स्वतःच्या बायकोच्या वेलीचा रंग आठवत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठवत नव्हता हे म्हणणंही तसं खोटंच आहे. आठवायला आधी बघावं लागतं. वेल मागच्या अंगणात, गल्लीकडच्या भिंतीवर होती. शेडकाका सकाळी सातला पुढच्या दाराने दुकानात जायचे आणि दिवेलागणीला पुढच्याच दाराने घरात यायचे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जायचे, कारण भिंतीचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, तो दिवसाच्या उजेडात, त्या भिंतीवरच बघावा लागतो. अशा त्यांनी हजारो भिंती दिवसाउजेडी बघितल्या. स्वतःच्या मागच्या भिंतीपर्यंत ते पोचत, तोवर सगळ्या फुलांचा रंग एकच झालेला असायचा, संध्याकाळचा.

"चहा मागे घेऊ या का आज?" काकू कधीमधी विचारायच्या.

"नको गं. दिवसभर रंगच बघतोय. आता जरा डोळ्यांना विसावा."

काकू चहा आत आणून द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. शेडकाकांनी दुकान सोडलं नाही. घरी बसून करणार काय?

वेलीचं झालं ते असं. थंडीत लेकीचा फोन आला होता. ती लांब राहायची, दोन विमानं बदलून यावं लागे. "बाबा, थंडी सरली की येते आठ दिवस. आईची वेल फुललेली बघायचीय मला. ती गेली तेव्हा बघायची शुद्ध नव्हती."

लेक येणार म्हटल्यावर शेडकाकांच्या अंगात वारं भरलं. मागची भिंत पार कळकट झाली होती, ती रंगवायची ठरवली. दुकानातल्या टेबलाशी बसून त्यांनी तीन दिवस खपून एक रंग जुळवला, सायीसारखा, किंचित उबेचा. सुट्टीच्या दिवशी शिडी लावली. भिंतीवर वेल कसली, वाळकी सुतळीच ती: करड्या काड्यांचं जंजाळ, हात लावला की कटकन मोडायचं. त्यांना वाटलं, जुनं गेल्याशिवाय नवं कुठून येणार? त्यांनी सगळं जमिनीपासून वीतभर ठेवून कापलं, भिंत घासली, रंगाचे दोन हात मारले. भिंत अशी उजळली की गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. मग त्यांनी ब्रश धुतले आणि डब्यातलं उरलेलं थिनर, बेचाळीस वर्षांच्या सवयीने, कोपऱ्यातल्या मातीत ओतून दिलं.

करायला गेले एक आणि झाले एक. थंडी सरली, गल्लीतल्या सगळ्या कुंपणांना पालवी फुटली, काकूंच्या कोपऱ्यातून मात्र काही वर आलं नाही. शेडकाकांनी बोटाने माती उकरून बघितली. मूळ काळं पडलं होतं आणि दाबलं की चेपत होतं.  लेक यायला पाच आठवडे उरले होते.

त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तीच वेल आणायची, त्याच जागी लावायची, लेकीला काही कळू द्यायचं नाही. तेवढ्यासाठी फक्त रंग कळायला हवा होता. आणि रंग लेकीला विचारायचा, तर आधी वेल मेली हे सांगायला हवं. आणि त्याहून अवघड म्हणजे, मी ती कधी बघितलीच नाही, हे सांगायला हवं. पहिलं सांगायची लाज होती. दुसऱ्याची भीती होती.

म्हणून ते कार्ड घेऊन गल्लीत हिंडत होते.

पोस्टमन दुपारी मागच्या फाटकाशी आला. त्याने कार्ड दोन्ही हातांत धरून, आपल्या नावाचं पत्र असल्यासारखं नीट बघितलं. "पांढरी हो. बारीक-बारीक फुलं, झुपकेच्या झुपके. उन्हाळा सरायला लागला की फुलायची. आणि वास काय गोड यायचा! मी इथे सायकल जरा हळू चालवायचो."

"पांढरी? नक्की?"

"काका, काकू मला पाणी द्यायच्या इथे उभ्या राहून. मी काय डोळे मिटून पाणी प्यायचो?"

लाँड्रीवाल्याने दोघांनाही वेड्यात काढलं. "कोण म्हणतं जांभळी? गुलाबी! फिकी गुलाबी, आणि प्रत्येक पाकळीवर मधोमध गडद पट्टा. हाताच्या पंजाएवढं फूल. मी काकूंना म्हणायचोसुद्धा, ही फुलं एकदा इस्त्रीला टाका, पट्टा सरळ करून देतो."

कार्डावर तीन फुल्या झाल्या. तीन माणसं, तीन रंग. यांना डोळे आहेत की कवड्या, असा प्रश्न शेडकाकांना पडला. दुपारी ते जरा आडवे झाले की अर्धवट झोपेत त्यांना ती भिंत दिसायची. भिंतीवर वेल असायची, वेलीवर असंख्य फुलं असायची, आणि काकू पाठमोऱ्या उभ्या असायच्या, हातात पाण्याचा तांब्या. पण फुलं सगळी प्रायमर मारल्यासारखी राखी. शेडकाका स्वप्नातच डबे उघडत, चमच्याने निळा घालत, लाल घालत, ढवळत. झाकणावर फासत. वाळेपर्यंत थांबत. वाळायच्या आत जाग यायची. जाग आली तरी ते बराच वेळ तसेच पडून राहायचे, कारण उठलं की काकूंची पाठसुद्धा जायची.

शेवटी एके सकाळी मालकाला 'तासाभरात येतो' सांगून ते रोपवाटिकेत गेले. एका कागदात काळं पडलेलं मूळ गुंडाळून घेतलं होतं. काखेत कार्ड.

रोपवाटिकेच्या बाई जाड भिंगाचा चष्मा लावून कुंड्यांमध्ये वाकल्या होत्या. "क्लेमॅटिस," मूळ बघून त्या म्हणाल्या. शेडकाकांना नाव ओळखीचं वाटलं. काकू हा शब्द म्हणायच्या खऱ्या; ते आपले गुडघ्याचं औषध समजत होते.

"हीच हवी. अगदी हीच."

"काका, हिच्यात शेकडो जाती आहेत. कुठली?"

शेडकाकांनी कोपऱ्यातली वेल थंडीत छाटल्याचं सांगितलं, कार्ड उलगडलं, फुल्या दाखवल्या आणि गल्लीतल्या तिघांची साक्ष सांगितली. तिघांच्या दृष्टिदोषावर दोन शब्दही बोलले. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"जांभळी कधी फुलायची म्हणाले?"

"भर उन्हाळ्यात."

"पांढरी?"

"उन्हाळा सरल्यावर. वास यायचा म्हणे."

"आणि ती पट्ट्याची गुलाबी सगळ्यात आधी, बरोबर? थंडी सरता सरता?"

"असं सरळ नाही म्हणाला तो. पण... हो, उन्हाळ्याचे कपडे पहिल्यांदा इस्त्रीला यायचे तेव्हा, म्हणत होता. तुम्हाला कसं कळलं?"

"कारण कोणीच खोटं बोलत नाहीये, काका. तुमच्याकडे एक वेल नव्हती. तीन होत्या." त्या त्यांना मागच्या जाळीपाशी घेऊन गेल्या. "ही बघा. हिचं नाव नेली मोझर. पट्ट्याची गुलाबी. ही गेल्या वर्षीच्या काडीवर फुलते, म्हणून थंडीत हिला कात्री लावायची नाही. ही जॅकमनी, ती जांभळी. ही नव्या फुटीवर येते, हिला कितीही छाटा. आणि ही उशिराची पांढरी. तिघी एकमेकींत गुंतवून लावल्या की एक दमली की दुसरी. ज्या कोणी लावल्या त्यांना पुरतं कळत होतं. नुसतं रोप विकत घेऊन हे होत नाही, त्यासाठी वर्षभर बघत बसावं लागतं."

 शेडकाका नेली मोझरकडे बघत होते. एकच फूल उमललं होतं, पण ताटलीएवढं. पट्टा मधोमध गडद आणि कडेला विरत गेलेला. असा विरता रंग आपल्याला कधी जमला नसता, असं त्यांना वाटलं. असा रंग पंधरा पावलांवर होता आणि आपण आत बसून चहा पीत होतो, असंही वाटलं.

बाईंनी मूळ नाकाशी नेलं. "नुसती छाटली असती तर काही ना काही परत आलं असतं. एखाद-दुसरीने तर काहीच झालं नाही असं दाखवलं असतं. पण हे काय ओतलंत?"

"काय?"

"टर्पेंटाइनचा वास नाही येत तुम्हाला?"

शेडकाकांनी मूळ हुंगलं. त्यांना कसलाच वास आला नाही. त्या वासाला त्यांचं नाक इतकं सरावलं होतं की तो त्यांना येतच नसे. काकू म्हणायच्या, तुम्ही गल्लीच्या टोकाला आलात की मला घरात कळतं.

"परत किती दिवसांत फुलेल?" त्यांनी विचारलं. "भिंतभर?"

"भिंतभर म्हणत असाल तर तिसऱ्या वर्षी."

"पाच आठवड्यांत नाही?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "पाच आठवड्यांत चार पानं येतील. एखादं फूल आलंच तर खुडून टाका, मुळं धरू देत. आणि त्या कोपऱ्यात लावू नका, ती माती गेली. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लावा, खोल. बुंध्याशी सपाट दगड ठेवा. हिला पाय सावलीत लागतात आणि डोकं उन्हात."

शेडकाकांनी तिन्ही घेतल्या. त्या दिवशी ते दुकानात तासाभराने नाही, जेवणानंतर पोचले. मालकाने घड्याळाकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

लेक आली ती सकाळच्या वेळी. बॅग दारातच ठेवून, बूट न काढता, ती तडक मागे गेली. शेडकाका तिच्या मागोमाग चालत होते. आदल्या दिवसापर्यंत त्यांनी तीन-चार थापा घोकून ठेवल्या होत्या: कीड लागली, यंदा थंडी फार पडली, गल्लीतल्या वासराने खाल्ली. मागच्या दारापर्यंत येईतो त्यातली एकही आठवेना.

लेक अंगणाच्या मधोमध थांबली. सायीच्या रंगाची कोरी भिंत, आणि एका टोकाला तीन काठ्यांना बांधलेली तीन रोपं, गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत.

"वेल कुठेय?"

"मी मारली, बबडे."

ती वळली.

"भिंत रंगवायची म्हणून छाटली. तूच येणार होतीस म्हणून. आणि थिनर ओतलं मुळाशी. माझ्या हाताने." शेडकाका एका दमात बोलत सुटले, मधे थांबलो तर पुढचं बोलवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "मग तुला कळू नये म्हणून तशीच आणायला गेलो. तर रंग ठाऊक नाही. गल्लीत विचारत फिरलो. तीन होत्या, हेसुद्धा मला परक्या बाईने सांगितलं. मी बघितलीच नव्हती गं कधी. इतक्या वर्षांत एकदाही नीट बघितली नाही."

लेक भिंतीजवळ गेली आणि तिने तळहात टेकवला. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती रडतेय किंवा रागावलीय किंवा दोन्ही.  गल्लीतून कोणी तरी सायकल नेत होतं.

"रंग चांगला जमलाय," ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली.

"त्याचं काय करायचंय आता."

"आणि तुम्ही बघितली नव्हतीत, ते मला माहितीये बाबा. आईलाही माहीत होतं."

शेडकाका दाराच्या पायरीवर बसले.

"मी होते तिच्याबरोबर, रोपवाटिकेत," लेक म्हणाली. आता तिचा आवाज सरळ झाला होता. "कॉलेजला होते तेव्हा. ती एकच घेणार होती आधी, ती मोठ्या फुलांची. मग तिथल्या माणसाला विचारलं, ही किती दिवस फुलते? तो म्हणाला, महिनाभर. तर म्हणाली, महिना काय पुरणार? आमच्या घरात एक माणूस आहे, तो दिवसाउजेडी कधी घरी राहील त्याचा नेम नाही. ज्या दिवशी राहील त्या दिवशी भिंतीवर काही तरी असायला हवं. दोघं जण तासभर डोकं लावत बसले होते. कुठली आधी, कुठली नंतर, मधे रिकामे दिवस पडता कामा नयेत. मला इतका कंटाळा आला होता."

 शेडकाका म्हणाले, "मला सांगायचं ना तिने. हात धरून न्यायचं मागे."

"मी म्हटलं होतं तिला. तर म्हणाली, बघा म्हटल्यावर बघण्यात काय? स्वतःहून येतील तेव्हा येतील."

वेली लावल्याला अठरा वर्षं. वर्षाचे सात-आठ महिने, रोज भिंतीवर काही ना काही. शेडकाकांनी मनातल्या मनात हिशेब करायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. त्यांना रडू आलं. बायको गेली तेव्हा चारचौघांत आवरलेलं सगळंच आलं. लेक शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसती बसली, आणि बूट काढून बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शेडकाकांनी मालकाला फोन केला.

"आज येत नाही."

"का हो? बरं नाही का?"

"बरं आहे. घरी आहे."

पलीकडे मालक गोंधळला. "एका मोठ्या बंगल्याचं काम आलंय, काका. पडद्याचा तुकडा आणून ठेवलाय. मशीनला जुळत नाहीये. मग उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून मागच्या अंगणात नेली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. लेक चहा घेऊन दाराशी आली आणि क्षणभर तिथेच थांबली.

"बाबा, तीन वर्षं लागतील म्हणालात ना?"

"हो."

"मग आज काय बघताय?"

शेडकाकांनी कपासाठी हात पुढे केला. तिने कप त्यांच्या हातात दिला आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणायला आत गेली.

भिंतीवर अजून सावली होती. बऱ्याच वेळाने वरच्या काठावर उन्हाची एक बारीक रेघ आली आणि खाली सरकू लागली. मागच्या भिंतीवर ऊन किती वाजता येतं, हे इतकी वर्षं या घरात राहून त्यांना ठाऊक नव्हतं. साडेनऊला येत होतं. रोपांच्या चार-चार पानांपर्यंत पोचायला त्याला आणखी अर्धा तास लागला. चहा गार झाला होता. शेडकाका खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.